सहा मैल की बारा? ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्यातला समुद्राचा हिशेब

जून १९९५ मध्ये तुर्कस्तानच्या संसदेने एक ठराव संमत केला. ग्रीसने दोन्ही देशांच्या मधल्या एजियन समुद्रातील आपली सागरी हद्द सहा मैलांच्या पुढे नेली, तर देशाच्या हितरक्षणासाठी लष्करी उपायांसह आवश्यक ते सर्व करण्याचे अधिकार सरकारला राहतील, असा त्या ठरावाचा आशय होता. सरळ भाषेत सांगायचे तर ‘हद्द वाढवलीत तर युद्धाला कारण मिळेल’ अशी ती लेखी तंबी होती. यातील चमत्कारिक भाग असा, की ज्या कृतीबद्दल तंबी दिली गेली, ती सागरी कायद्याला मान्य असलेली कृती आहे, आणि तंबी देणारा व ऐकणारा हे दोन्ही देश १९५२ पासून नाटो या एकाच लष्करी आघाडीत शेजारी शेजारी बसतात. तो ठराव अद्याप मागे घेतलेला नाही, ग्रीसनेही बारा मैलांचा हक्क सोडलेला नाही, आणि एजियन समुद्रात हद्द सहा मैलांवर आहे तिथेच आहे.

या दोन देशांचे नाव निघाले की ‘शतकानुशतकांचे वैर’ हे शब्द आपोआप लिहिले जातात. ते सोयीचे आहेत, पण त्यांनी फारसे काही उलगडत नाही. दोन्ही देशांमधील जमिनीची हद्द १९२३ मध्ये ठरली आणि तेव्हापासून ती हललेली नाही. एव्ह्रोस नदीच्या काठाने जाणाऱ्या त्या सीमेवर तणाव होतात, निर्वासितांवरून खडाजंगी होते, पण ती रेषा कुठे आहे याबद्दल दोघांचे एकमत आहे. भांडण आहे ते पाण्याचे, पाण्यावरच्या हवेचे आणि पाण्याखालच्या तळाचे. एकाच समुद्राचे हे तीन थर आहेत, प्रत्येकाचा कायदा निराळा आहे आणि प्रत्येकाबाबत दोघांचा युक्तिवाद वेगळा आहे. हे थर सुटे करून पाहिल्याशिवाय बातम्यांमधील युद्धनौका आणि लढाऊ विमाने नेमकी कशासाठी धावतात, ते कळत नाही.

नकाशा कसा ठरला

आधी थोडा इतिहास सांगणे भाग आहे. पहिल्या महायुद्धात उस्मानी साम्राज्याचा पराभव झाल्यावर मे १९१९ मध्ये दोस्त राष्ट्रांच्या संमतीने ग्रीक सैन्य स्मिर्ना बंदरात, म्हणजे आजच्या इझ्मीरमध्ये, उतरले. त्या किनाऱ्यावर ग्रीक भाषिक ख्रिस्ती लोकांची मोठी वस्ती होती आणि समुद्राच्या दोन्ही तीरांवर पसरलेल्या मोठ्या ग्रीसचे स्वप्न तेव्हा अथेन्समध्ये जोरात होते. सैन्य किनारा सोडून आत आत शिरत गेले. १९२१ मध्ये साकार्या नदीवर, अंकाऱ्याच्या अलीकडे, मुस्तफा केमाल (पुढचे अतातुर्क) यांच्या सैन्याने ते रोखले आणि ऑगस्ट १९२२ मध्ये त्याचा पूर्ण मोड केला. सप्टेंबरमध्ये तुर्की सैन्य स्मिर्नात शिरले, शहराला आग लागली, ग्रीक आणि आर्मेनियन वस्त्या जळून गेल्या आणि लाखो माणसे धक्क्यावर बोटींची वाट पाहत अडकली.

याच घटनांना ग्रीक लोक ‘आशिया मायनरचा सर्वनाश’ म्हणतात आणि तुर्की लोक ‘स्वातंत्र्ययुद्ध’ म्हणतात. ग्रीसचा राष्ट्रीय दिन २५ मार्च हा १८२१ साली उस्मानी सत्तेविरुद्ध झालेल्या उठावाचा दिवस आहे, तर तुर्कस्तानचा विजय दिन ३० ऑगस्ट हा ग्रीक सैन्याच्या पराभवाचा. दोन्ही राष्ट्रांनी आपल्या जन्माची गोष्ट एकमेकांशी झालेल्या लढाईतून सांगितली आहे. त्यामुळे शाळेच्या पुस्तकात शेजाऱ्याचे चित्र कसे येणार, हे वेगळे सांगायला नको.

जुलै १९२३ चा लोझान करार हा आजच्या नकाशाचा पाया आहे. त्याआधी जानेवारीत, त्याच परिषदेत, लोकसंख्येच्या सक्तीच्या अदलाबदलीचा करार झाला. परिषदेत ब्रिटनची बाजू सांभाळणारे परराष्ट्रमंत्री होते लॉर्ड कर्झन, म्हणजे १९०५ मध्ये बंगालची फाळणी करणारे तेच व्हाइसरॉय. अदलाबदलीचा हा तोडगा वाईट आहे असे त्यांचेही मत होते, तरी तो झाला. सुमारे १२ लाख ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती ग्रीसमध्ये आले, त्यातील बहुतेक जण करार होण्याआधीच जीव मुठीत धरून पळून आलेले होते. साडेतीन ते चार लाख मुसलमान उलट दिशेने तुर्कस्तानात गेले. १९२८ च्या जनगणनेत ग्रीसमधील दर पाच माणसांमागे साधारण एक निर्वासित निघाला. इस्तंबूलचे ग्रीक आणि ग्रीसच्या ईशान्य टोकाच्या पश्चिम थ्रेसमधील मुसलमान यांना मात्र जागेवर राहण्याची मुभा देण्यात आली. त्यांचा प्रश्न पुढे येईल.

या अदलाबदलीत माणूस कोणत्या बाजूचा हे ठरवण्यासाठी भाषा विचारली गेली नाही, फक्त धर्म विचारला गेला. त्यामुळे क्रीट बेटावरचे ग्रीक बोलणारे मुसलमान ‘तुर्क’ ठरून आयवालिकच्या किनाऱ्यावर आले, आणि मध्य तुर्कस्तानच्या कप्पादोकियातील तुर्की बोलणारे, तुर्की भाषाच ग्रीक लिपीत लिहिणारे ख्रिस्ती ‘ग्रीक’ ठरून ग्रीसमध्ये गेले. कप्पादोकियात गेल्वेरी नावाचे गाव होते, ग्रीकांचे ‘कार्वाली’. तिथले लोक आपल्या संताच्या अस्थी बरोबर घेऊन उत्तर ग्रीसमध्ये कावाला शहराजवळ वसले आणि त्यांनी नव्या गावाचे नाव ठेवले ‘नेआ कार्वाली’, म्हणजे नवे कार्वाली. आज ते गाव ओळखले जाते ते कुराबिएदेस या बिस्किटांसाठी. बदाम घातलेली, वर पिठीसाखरेचा जाड थर दिलेली, तोंडात टाकताच विरघळणारी ही बिस्किटे आपल्या नानकटाईची चुलत बहीण शोभतील. नाव तुर्की ‘कुराबिये’वरून आले आहे. फुटबॉलमध्येही हीच खूण सापडते. अथेन्सचा एईके आणि थेसालोनिकीचा पाओक हे दोन नामांकित संघ निर्वासितांनी अनुक्रमे १९२४ आणि १९२६ मध्ये काढले, आणि दोन्हींच्या नावातला ‘क’ हा कॉन्स्टँटिनोपलचा, म्हणजे इस्तंबूलचा, आहे.

जाता जाता एक शब्द पाहण्यासारखा आहे. तुर्की भाषेत ग्रीसला ‘युनानिस्तान’ म्हणतात. हे नाव इओनियावरून आले, आणि इओनिया म्हणजे इझ्मीरच्या आसपासचा किनारा, जो आज तुर्कस्तानात आहे. आपला ‘यवन’ शब्दही त्याच इओनियाचा. संस्कृतात तो ग्रीकांसाठी होता, पण बखरींच्या काळापर्यंत मराठीत तो मुसलमान सत्ताधीशांसाठी रूढ झाला. एजियन समुद्राच्या दोन्ही काठांचे लोक आपल्याकडे एकाच शब्दात सामावले गेले.

दारासमोरची बेटे

लोझान कराराने आणि नंतर १९४७ च्या पॅरिस कराराने बेटांची वाटणी पूर्ण झाली. लेस्बोस, खिओस, सामोस ही पूर्व एजियनमधील बेटे १९२३ मध्ये ग्रीसकडे राहिली. दक्षिणेकडील रोड्स, कोस आदी दोदेकानीस बेटे तेव्हा इटलीच्या ताब्यात होती, ती दुसऱ्या महायुद्धानंतर ग्रीसला मिळाली. तुर्कस्तानच्या वाट्याला दार्दानेल्स सामुद्रधुनीच्या तोंडाशी असलेली गोकचेआदा आणि बोझजाआदा ही दोन मोठी बेटे व किनाऱ्यालगतची लहान बेटे आली.

आता नकाशा डोळ्यांपुढे आणावा. तुर्कस्तानचा पश्चिम किनारा लांबलचक आहे आणि त्याच्या अगदी दारात, वरपासून खालपर्यंत, दुसऱ्या देशाची बेटे आहेत. सामोस आणि तुर्की किनारा यांच्यातील सर्वांत अरुंद पट्टा दीड-दोन किलोमीटरचा आहे. इझ्मीरहून निघालेल्या जहाजाला मोकळ्या भूमध्य समुद्रात जाण्यासाठी या बेटांच्या मधूनच वाट काढावी लागते. ग्रीसच्या बाजूने पाहिले तर हेच चित्र उलटे दिसते. बेटांवर माणसे राहतात, ती मुख्य भूमीपासून शेकडो किलोमीटर दूर आहेत आणि समोरच्या काठावर आपल्यापेक्षा कितीतरी मोठ्या देशाचे सैन्य आहे. १९७५ मध्ये तुर्कस्तानने इझ्मीरला मुख्यालय असलेली स्वतंत्र ‘एजियन सेना’ उभी केली, तीही या बेटांच्या समोरच. दोघांनाही कोंडल्यासारखे वाटते आणि भूगोल पाहिला तर दोघांचेही वाटणे खोटे नाही.

पहिला थर: पाणी

किनाऱ्यालगतच्या ज्या पट्ट्यावर देशाची जमिनीसारखीच पूर्ण सत्ता चालते, त्याला प्रादेशिक समुद्र म्हणतात. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. ग्रीसने १९३६ मध्ये ही हद्द सहा मैल, म्हणजे सुमारे ११ किलोमीटर, ठरवली. तुर्कस्तानने १९६४ मध्ये एजियनसाठी सहाच मैल ठेवले, मात्र काळ्या समुद्रात आणि दक्षिणेला भूमध्य समुद्रात बारा मैल घेतले. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या १९८२ च्या सागरी कायदा कराराने बारा मैलांपर्यंतची मुभा सर्वांना दिली. भारतासह बहुतेक किनारी देश ती वापरतात. ग्रीसने १९९५ मध्ये या करारावर शिक्कामोर्तब केले आणि त्याच सुमारास अंकाऱ्यातून तो ठराव आला. तुर्कस्तान या कराराचा सदस्यच नाही.

सहाचे बारा झाल्याने एवढे काय बिघडते? मोकळ्या समुद्रात एखाद-दुसरे बेट असते तर काहीच बिघडले नसते. एजियनमध्ये मात्र प्रत्येक बेटाभोवती बारा मैलांचे वर्तुळ काढले की वर्तुळे एकमेकांत मिसळतात. सहा मैलांच्या हिशेबाने एजियनचा ४० टक्क्यांहून थोडा जास्त भाग ग्रीसचा, साडेसात टक्क्यांच्या आसपास तुर्कस्तानचा आणि जवळपास निम्मा सर्वांना खुला आहे. बारा मैल केल्यास ग्रीसचा वाटा ७० टक्क्यांच्या वर जातो, तुर्कस्तानचा जेमतेम एखाद्या टक्क्याने वाढतो आणि खुला समुद्र एक पंचमांशावर येतो. मग इस्तंबूलहून भूमध्य समुद्रात जाणारे जवळपास प्रत्येक जहाज ग्रीसच्या हद्दीतून जाणार.

परकी जहाजांना प्रादेशिक समुद्रातून निरुपद्रवी रीतीने जाण्याचा हक्क कायद्यातच आहे, त्यामुळे व्यापार अडणार नाही, असे ग्रीस म्हणतो. ते बरोबर आहे. पण त्या हक्काच्या अटी पाहिल्या की तुर्कस्तानची चिंता कळते. पाणबुडीला पृष्ठभागावर येऊन, झेंडा दाखवत जावे लागते, नौदलाचे सराव करता येत नाहीत, आणि वरून विमान नेण्याचा हक्क तर या तरतुदीत मुळीच नाही. मालवाहू जहाजाला फरक पडणार नाही, आरमाराला पडेल. ग्रीसने २०२१ मध्ये पश्चिमेकडील आयोनियन समुद्रात, इटलीच्या बाजूला, हद्द बारा मैलांवर नेली आणि कुठेही काही झाले नाही. पूर्वेला ते धाडस केलेले नाही.

दुसरा थर: हवा

देशाचे हवाई क्षेत्र जमीन आणि प्रादेशिक समुद्र यांच्या वर असते, हा जगभरचा नियम आहे. समुद्र सहा मैल, तर हवाही सहा मैल. ग्रीसने मात्र १९३१ पासून हवाई क्षेत्र दहा मैल मानले आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते ग्रीसची सर्वांत लंगडी बाजू हीच आहे, कारण पाण्यापेक्षा हवा चार मैल रुंद असण्याला कायद्याचा आधार देणे कठीण आहे. ग्रीसचे उत्तर असे, की चार दशके तुर्कस्तानने यावर अवाक्षर काढले नाही, आक्षेप सुरू झाला तो १९७० च्या दशकाच्या मध्यात, सायप्रसच्या प्रकरणानंतर.

परिणाम असा, की प्रत्येक बेटाभोवती सहा ते दहा मैलांच्या दरम्यान हवेचे एक कडे आहे, ज्याला एक देश आपली मालमत्ता म्हणतो आणि दुसरा आंतरराष्ट्रीय आकाश म्हणतो. तुर्की विमाने मुद्दाम त्या कड्यात शिरतात, ग्रीक विमाने त्यांना हुसकावण्यासाठी उडतात, दोन्हीकडे बहुधा अमेरिकी बनावटीची एफ-१६ विमाने असतात. संध्याकाळी अथेन्समध्ये ‘घुसखोरी’ची बातमी होते आणि अंकाऱ्यात ‘आमच्या विमानांना त्रास दिला’ अशी. मे २००६ मध्ये कार्पाथोस बेटाजवळ अशाच पाठलागात दोन एफ-१६ एकमेकांवर आदळली. ग्रीक वैमानिक मरण पावला, तुर्की वैमानिकाला जवळून जाणाऱ्या व्यापारी जहाजाने वाचवले. हवेच्या वादासाठी दिलेली ही किंमत आहे.

तिसरा थर: तळ

सर्वांत अवघड आणि सर्वांत मोलाचा थर हा आहे. शाळेच्या भूगोलात ‘समुद्रबूड जमीन’ हा शब्द आपण शिकलो. खंडाची जमीन किनाऱ्यावर संपत नाही, ती पाण्याखाली हळूहळू उतरत जाते. त्या तळाखालच्या तेल-वायूवर किनारी देशाचा हक्क असतो. १९७० च्या दशकाच्या आरंभी ग्रीसच्या थासोस बेटाजवळ तेल सापडले आणि १९७३ मध्ये तुर्कस्तानने आपल्या सरकारी कंपनीला एजियनमध्ये शोधाचे परवाने दिले. ते क्षेत्र आपल्या बेटांच्या तळाचे आहे, असे म्हणत ग्रीसने विरोध केला. वादाची औपचारिक सुरुवात येथे झाली.

तुर्कस्तानचा युक्तिवाद असा: एजियनचा तळ हा अनातोलियाच्या, म्हणजे तुर्कस्तानच्या मुख्य भूमीचाच पाण्यात गेलेला भाग आहे, ग्रीक बेटे त्यावर नुसती बसलेली आहेत, तेव्हा बेटांना वेगळा तळ देता येणार नाही आणि वाटणी न्याय्य तत्त्वाने, किनाऱ्यांची लांबी पाहून व्हावी. ग्रीसचा युक्तिवाद असा: कायद्यात बेटालाही मुख्य भूमीसारखाच तळाचा आणि अनन्य आर्थिक क्षेत्राचा, म्हणजे ज्या पट्ट्यातील संपत्ती फक्त त्या देशाने वापरायची त्याचा, हक्क आहे, वगळले आहेत ते फक्त माणूस राहू न शकणारे खडक.

कायद्याचा मजकूर ग्रीसच्या बाजूने आहे यात शंका नाही. पण न्यायालये आणि लवाद प्रत्यक्ष वाटणी करतात तेव्हा दुसऱ्या देशाच्या किनाऱ्याला चिकटलेल्या लहान बेटांना अनेकदा पूर्ण वाटा देत नाहीत, कधी अर्धा देतात, कधी प्रादेशिक समुद्रापुरतेच पाणी देतात. म्हणून दोघांनाही न्यायालयात काही ना काही गमावण्याची भीती आहे आणि दोघांनाही ते आपल्या मतदारांना सांगता येत नाही.

याचे टोकाचे उदाहरण म्हणजे कास्तेलोरिझो. जेमतेम नऊ चौरस किलोमीटरचे हे ग्रीक बेट, वस्ती पाचशेच्या आसपास, काश गावाजवळच्या तुर्की किनाऱ्यापासून दोन किलोमीटरवर आणि सर्वांत जवळचे मोठे ग्रीक बेट रोड्स तिथून सव्वाशे किलोमीटरवर. बंदराभोवती रंगीत घरांची एक ओळ, मागे उघडाबोडका डोंगर, एवढेच गाव. या बेटाला समुद्राचा पूर्ण वाटा दिला, तर ग्रीसचे आर्थिक क्षेत्र सायप्रसच्या क्षेत्राला जाऊन भिडते आणि तुर्कस्तानला दक्षिणेला किनाऱ्यालगतचा तुकडा उरतो. बेटाला काहीच दिले नाही, तर पूर्व भूमध्य समुद्राचा नकाशा पार बदलतो. पाचशे माणसांच्या गावावर हजारो चौरस किलोमीटर तळाचा निकाल टांगलेला आहे.

नोव्हेंबर २०१९ मध्ये तुर्कस्तानने लिबियाच्या त्रिपोलीतील सरकारशी सागरी हद्दीचा सामंजस्य करार केला. त्यातील रेषा पाहताना क्रीट नावाचे बेट मध्ये आहे हे जणू कोणाच्या लक्षातच आले नाही, असे वाटते. ग्रीसने ऑगस्ट २०२० मध्ये इजिप्तशी करार करून त्यावर दुसरी रेषा मारली. त्याच उन्हाळ्यात ‘ओरुच रेइस’ हे तुर्की सर्वेक्षण जहाज युद्धनौकांच्या ताफ्यासह वादग्रस्त पाण्यात फिरत होते आणि १२ ऑगस्टला दोन्ही आरमारांच्या दोन नौका एकमेकींवर घासल्या.

दहा एकर खडक

भांडण किती लहान गोष्टीवरून पेटू शकते, हे पाहायचे तर जानेवारी १९९६ कडे जावे लागते. कालिम्नोस बेटाच्या पूर्वेला दोन निर्जन खडक आहेत. ग्रीक त्यांना इमिया म्हणतात, तुर्क कार्दाक. दोन्ही मिळून क्षेत्र दहा एकरांच्या आसपास, आणि तिथे नांदणारे प्राणी म्हटले तर कालिम्नोसच्या धनगराने सोडलेल्या शेळ्या. २५ डिसेंबर १९९५ रोजी एक तुर्की मालवाहू जहाज तिथे रुतले. ग्रीक बोटीने मदत देऊ केली, तेव्हा आपण तुर्की पाण्यात आहोत, ग्रीक मदत नको, असे कप्तानाने सांगितले. दोन्ही परराष्ट्र खात्यांत पत्रापत्री सुरू झाली आणि ती महिनाभर फायलींतच होती.

मग ती वर्तमानपत्रांत आली. कालिम्नोसच्या महापौरांनी खडकावर जाऊन ग्रीक झेंडा लावला. एक-दोन दिवसांत एका तुर्की दैनिकाचे पत्रकार हेलिकॉप्टरने उतरले, त्यांनी तो काढून तुर्की झेंडा लावला आणि त्याचे चित्रीकरण केले. ग्रीक आरमाराने तो काढला. दोन-तीन दिवसांत दोन्ही बाजूंच्या युद्धनौका खडकांभोवती गोळा झाल्या. एका खडकावर ग्रीक सैनिक असताना रात्रीतून तुर्की कमांडो शेजारच्या खडकावर उतरले. पाहणीसाठी गेलेले ग्रीक हेलिकॉप्टर ३१ जानेवारीच्या पहाटे कोसळले आणि तीन अधिकारी मरण पावले. अमेरिकेने रात्रभर दोन्ही राजधान्यांशी फोनवर बोलून सैनिक, नौका आणि झेंडे सगळेच मागे घ्यायला लावले.

कागदोपत्री वाद असा, की १९३२ मध्ये इटली आणि तुर्कस्तान यांनी या भागातील सीमेची टिपणे केली होती. त्यांतील डिसेंबरच्या टिपणात हे खडक इटलीच्या बाजूला आहेत, आणि इटलीचे ते सर्व ग्रीसकडे आले, असे ग्रीस म्हणतो. ते टिपण रीतसर मंजूर झालेलेच नाही, असे तुर्कस्तान म्हणतो. येथपासून तुर्कस्तानच्या तक्रारींत एक नवा शब्द शिरला, ‘करड्या जागा’, म्हणजे ज्यांची मालकी करारांत नावानिशी लिहिलेली नाही अशी बेटे आणि खडक. पुढे २०२० नंतर आणखी एक मुद्दा पुढे रेटला गेला. पूर्वेकडील बेटांवर लष्करी ठाणी नसावीत अशा अटी जुन्या करारांत आहेत, ग्रीसने त्या मोडल्या, म्हणून बेटांवरचा त्याचा हक्कच तपासावा लागेल, असा तो मुद्दा. समोर एजियन सेना उभी असताना स्वसंरक्षणाचा हक्क आम्ही सोडावा काय, हे ग्रीसचे उत्तर.

मग न्यायालयात का जात नाहीत?

जाऊन झाले आहे. ग्रीसने १९७६ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात तळाचा प्रश्न नेला. या वादाची सुनावणी करण्याचा अधिकार आपल्याला नाही, असे न्यायालयाने डिसेंबर १९७८ मध्ये सांगितले, कारण दोन्ही पक्षांची संमती असल्याशिवाय ते न्यायालय चालत नाही.

आणि संमती मिळत नाही, कारण प्रश्न किती आहेत यावरच दोघांचे एकमत नाही. ग्रीसच्या मते वाद एकच आहे: तळ आणि आर्थिक क्षेत्र यांची सीमा. बेटांची मालकी, प्रादेशिक समुद्राची रुंदी, बेटांचे संरक्षण हे सार्वभौम हक्क आहेत, ते वाटाघाटीच्या टेबलावर येतच नाहीत, आणि न्यायालयाला मान्यता देतानाही ग्रीसने लष्करी संरक्षणाचे विषय त्यातून वगळले आहेत. तुर्कस्तानच्या मते सर्व प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. ते खरेही आहे, कारण प्रादेशिक समुद्र किती हे ठरल्याशिवाय त्याच्या पुढचा तळ मोजायचा कुठून? म्हणून सर्व एकत्र, आणि शक्यतो दोघांतच बसून सोडवावे, असे अंकारा म्हणते. मार्च २००२ पासून दोन्ही परराष्ट्र खात्यांच्या ‘चाचपणी’च्या बैठकांच्या साठहून अधिक फेऱ्या झाल्या. नाव चाचपणी असे ठेवले, कारण वाटाघाटी म्हटले तर कशाबद्दल, हे लिहावे लागले असते.

सायप्रसचा प्रश्न हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे, म्हणून येथे दोनच गोष्टी. जुलै १९७४ मध्ये अथेन्सच्या लष्करी राजवटीने सायप्रसमध्ये बंड घडवले, पाच दिवसांनी तुर्की सैन्य बेटावर उतरले, आणि तेव्हापासून बेटाचा एक तृतीयांशाहून अधिक भाग वेगळा आहे. एजियनमधील प्रत्येक वादाला धार आली ती त्यानंतर. अगदी कॉफीलाही. ग्रीसमध्ये तोवर तुर्की कॉफी पिणारी माणसे त्यानंतर तीच कॉफी, त्याच पितळी दांड्याच्या भांड्यात उकळून, ‘ग्रीक कॉफी’ म्हणून मागवू लागली.

लोझानमध्ये मागे ठेवलेल्या अल्पसंख्याकांचे काय झाले, हेही सांगायला हवे. इस्तंबूलच्या ग्रीकांची संख्या तेव्हा लाखाच्या घरात होती. सप्टेंबर १९५५ च्या दंगलीत त्यांची दुकाने, घरे, चर्च फोडली गेली, १९६४ मध्ये त्यांच्यातील ग्रीसचे नागरिकत्व असलेल्यांना हद्दपार केले गेले, आणि आज दोन-तीन हजार माणसे उरली आहेत. पश्चिम थ्रेसमधील मुसलमान समाज लाखाच्या आसपास टिकून आहे, पण ग्रीस त्याला ‘तुर्की’ म्हणू देत नाही, फक्त ‘मुस्लीम’ म्हणतो, आणि तेथील मुफ्ती सरकार नेमते यावर अंकारा सतत बोट ठेवते. दोन्ही देशांनी परस्परांच्या वागण्याचा हवाला देऊन आपल्याच नागरिकांचे हक्क छाटले. या सगळ्या प्रकरणात सर्वांत कमी समर्थन करता येईल असे वर्तन दोघांचेही येथेच झाले.

मैत्रीचे दिवस

तरीही मैत्रीचे दिवस आले आहेत, आणि ते कसे येतात हे पाहण्यासारखे आहे. १९१९ मध्ये स्मिर्नाला सैन्य धाडणारे ग्रीसचे पंतप्रधान व्हेनिझेलोस हेच १९३० मध्ये अंकाऱ्याला जाऊन मैत्रीचा करार करून आले, आणि १९३४ मध्ये त्यांनी नोबेल शांतता पुरस्कारासाठी अतातुर्क यांचे नाव सुचवले. युद्ध संपून जेमतेम बारा वर्षे झाली होती. शतकानुशतकांच्या वैराचा सिद्धान्त या एका पत्रापुढे उभा राहत नाही.

दुसरी गोष्ट १९९९ ची. ऑगस्टमध्ये तुर्कस्तानात इझ्मितला भूकंप होऊन १७ हजारांहून अधिक माणसे गेली, ग्रीक बचाव पथके तातडीने पोहोचली. तीन आठवड्यांनी, ७ सप्टेंबरला, अथेन्सला भूकंप झाला, तेव्हा तुर्की स्वयंसेवक ढिगारे उपसायला आले. याला ‘भूकंप मुत्सद्देगिरी’ म्हणतात आणि भूकंपाने मने जुळवली अशी हकिकत सांगितली जाते. ती अर्धीच खरी आहे. परराष्ट्रमंत्री इस्माईल जेम (तुर्कस्तान) आणि जॉर्ज पापांद्रेऊ (ग्रीस) यांची पत्रे त्याआधीच, मे-जूनमध्ये, गेली-आली होती आणि जुलैत अधिकाऱ्यांच्या समित्या पर्यटन, पर्यावरण, तस्करी अशा बिनवादाच्या विषयांवर कामाला लागल्या होत्या. भूकंपाने त्या कामाला लोकांची परवानगी मिळवून दिली. डिसेंबरमध्ये हेलसिंकीत ग्रीसने आपला विरोध सोडला आणि तुर्कस्तान युरोपीय संघाचा उमेदवार देश झाला.

फेब्रुवारी २०२३ मध्ये तुर्कस्तानात झालेल्या भूकंपानंतर हाच क्रम पुन्हा दिसला. त्याआधीच्या वर्षी तुर्कस्तानचे अध्यक्ष एर्दोआन यांनी ग्रीसचे पंतप्रधान मित्सोताकिस यांच्याशी बोलणेही थांबवले होते. भूकंप झाला, ग्रीक पथके गेली, ग्रीसचे परराष्ट्रमंत्री हाताय प्रांतात जाऊन आले, आणि ७ डिसेंबर २०२३ रोजी एर्दोआन आणि मित्सोताकिस यांनी अथेन्समध्ये मैत्रीच्या जाहीरनाम्यावर सह्या केल्या. त्यात सागरी सीमेबद्दल एकही ओळ तोडग्याची नाही. जुलै २०२४ मध्ये कासोस बेटाजवळ विजेच्या केबलसाठी समुद्रतळाची पाहणी करणाऱ्या इटालियन जहाजाभोवती तुर्की युद्धनौका येऊन थांबल्या, तेव्हा तिसरा थर जागच्या जागी असल्याचे सर्वांना कळले. २०२५ मध्ये दोघांनी आपापल्या समुद्राच्या वापराचे आराखडे प्रसिद्ध केले, ते एकमेकांवर चढलेले आहेत.

जाहीरनाम्यातून झालेली एक गोष्ट मात्र हातात धरून दाखवता येते. २०२४ मध्ये तुर्की नागरिकांना दहा ग्रीक बेटांसाठी सात दिवसांचा व्हिसा थेट बंदरावरच मिळू लागला. खिओस, लेस्बोस, सामोस, रोड्स यांबरोबर त्या दहांत कास्तेलोरिझोही होते. काशच्या धक्क्यावरून बोट सुटते, अर्ध्या तासाच्या आत पलीकडे लागते, आणि प्रवासी उतरून रंगीत घरांच्या ओळीसमोर जेवायला बसतात. उलट बोटीने बेटावरची माणसे काशच्या आठवडी बाजारात भाजी आणायला जातात, कारण रोड्सहून येणारी भाजी महाग पडते.